अडीच इंचांचा हिशेब

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी 29 वर्षांची आहे. गेली सहा वर्षं मुंबईतल्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. आमच्याकडे बायकांना काळे बंद बूट आणि किमान अडीच इंचांची टाच सक्तीची आहे. ड्यूटी नऊ तासांची. बसायला मिळतं ते जेवणाच्या अर्ध्या तासात. पहिली दोन-तीन वर्षं काही जाणवलं नाही. आता संध्याकाळी चवड्याखाली आग होते, तिसऱ्या-चौथ्या बोटांना मुंग्या येतात. पण रविवारी सपाट चप्पल घालून बाजारात गेले की पोटऱ्या उलट जास्त ओढतात. मैत्रिणी म्हणतात, तुला आता हिल्सच मानवतात. आई म्हणते, फेकून दे ते बूट. मला मात्र हिल्स आवडतात. माझी उंची 4 फूट 11 इंच आहे. हिल्स घातल्या की काउंटरपलीकडचा माणूस माझ्या डोळ्यांत बघून बोलतो. तुम्ही गेल्या अंकात सांगितलं होतं तसा पायाचा आणि बुटाचा आकार कागदावर काढून पाठवते आहे. खरं सांगा, एवढं सोसण्याइतकं हिल्समध्ये काही आहे का?
– एक वाचक, मीरा रोड

उत्तर : तुझं पाकीट उघडलं तेव्हा पत्राआधी तो कागदच हातात आला. निळ्या पेनानं पाय, त्याच्यावर लाल पेनानं बूट. मी पट्टी घेऊन बसले. चवड्याशी, म्हणजे जिथे पाय सर्वांत रुंद असतो तिथे, तुझा डावा पाय 9.3 सेंटीमीटर भरला आणि बूट 7.7. लाल रेघ दोन्ही बाजूंनी निळ्या रेघेच्या आतून गेली आहे. करंगळी पूर्णपणे लाल रेघेच्या बाहेर पडली आहे आणि अंगठ्याचाही बाहेरचा काठ. 16 मिलिमीटर पाय रोज नऊ तास, जागा नसताना आत कोंबला जातो आहे. सगळे जण टाचेच्या उंचीबद्दल बोलतात. तुझा निम्मा त्रास पुढच्या टोकाचा आहे.

दुसऱ्या बोटावर तू एक छोटं वर्तुळ काढून बाजूला ‘जोडवं, इथे भोवरी’ असं लिहिलं आहेस. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार बायकांच्या पायांवर ही भोवरी मी शेकड्यानं पाहिली आहे. चांदीचं कडं, वरून निमुळता बूट आणि शेजारच्या बोटाचा दाब, तिन्ही एकाच जागी. ड्यूटीच्या वेळात जोडवी पर्समध्ये ठेव, घरी आल्यावर घाल. घरात कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांग.

आता मुंग्यांचं. पायात 26 हाडं असतात. चवड्यातल्या लांबट हाडांच्या मधून बोटांकडे बारीक नसा जातात. टाच वर उचलली की पाय उतारावरून घसरावा तसा पुढे सरकतो आणि भार चवड्यावर येतो. त्यात निमुळतं टोक ती हाडं एकमेकांवर दाबतं. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधली नस अशी चिमटली गेली की जळजळ, मुंग्या, आणि मोज्याला सुरकुती पडून ती पायाखाली आली आहे असं वाटणं, हे सगळं होतं. फिलाडेल्फियाच्या थॉमस मॉर्टन नावाच्या शल्यचिकित्सकानं 1876 मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. तुला तेच आहे असं मी कागदावरून सांगणार नाही. पण या महिन्यात अस्थिरोगतज्ज्ञाला पाय दाखव. लवकर पकडलं तर बऱ्याच जणींना रुंद बूट आणि चवड्याखाली एक छोटी गादी एवढ्यावर आराम पडतो. वर्षानुवर्षं अंगावर काढलं तर इंजेक्शन आणि शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

आणि रविवारची पोटरी. इथे तुझ्या मैत्रिणी चुकतात, आणि ही चूक फार बायका करतात म्हणून सविस्तर लिहिते. व्हिएन्ना आणि मँचेस्टरच्या संशोधकांनी 2010 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानसाच, पण नेमका. किमान दोन वर्षं, आठवड्यातून पाच दिवस, 5 सेंटीमीटर किंवा जास्त टाच घालणाऱ्या बायका त्यांनी निवडल्या आणि त्यांच्या पोटऱ्या सपाट बूट घालणाऱ्या बायकांशी ताडून पाहिल्या. हिल्सवाल्यांच्या पोटरीतले स्नायूंचे धागे सुमारे 13 टक्क्यांनी आखूड निघाले आणि टाचेची शीर, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा दोर, जाड आणि कडक झालेली. तुझे अडीच इंच म्हणजे सव्वासहा सेंटीमीटरांहून थोडे जास्तच, आणि तुला सहा वर्षं झाली आहेत. पोटरी त्या उंचीला आखडून बसली आहे. सपाट चप्पल घालून टाच जमिनीला टेकवलीस की तिला ताणावं लागतं, ती ओरडते. मानवणं याला म्हणत नाहीत.

घरी आत्ताच करून बघ. अनवाणी, पाय जवळ घेऊन उकिडवी बस, आपल्या आज्या भाजी निवडायला बसायच्या तशी. टाचा जमिनीला टेकतात का? नसतील टेकत तर, आणि सहा वर्षांपूर्वी टेकत होत्या हे आठवत असेल तर, तुझं उत्तर तुझ्या टाचेखालच्या त्या मोकळ्या जागेत आहे.

म्हणून आईचं ‘फेकून दे’ही ऐकू नकोस, निदान उद्याच्या उद्या नको. आखडलेली पोटरी एका दिवसात सपाट चपलेवर आणली तर टाचेची शीर सुजते, तळव्याचा पडदा दुखायला लागतो. उतरताना जिन्यानं उतरायचं, उडी मारायची नाही. पहिला महिना 2 इंच, दुसरा दीड, मग एक. टाच रुंद घे, पेन्सिल नको. आणि रोज रात्री जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून, कठड्याला धरून, टाचा सावकाश खाली सोड. 30 सेकंद थांब. असं तीनदा गुडघा सरळ ठेवून आणि तीनदा किंचित वाकवून. पोटरीत दोन थर आहेत, एकाला सरळ गुडघ्यानं ताण मिळतो, दुसऱ्याला वाकवलेल्या. घाई करू नकोस, तीन महिने धर.

रुंद टाचेबद्दल एक गैरसमज आहे तोही काढते. दुकानदार ‘ब्लॉक हिल घ्या, काही होत नाही’ म्हणून विकतात. घोट्यासाठी ते खरं आहे, पाय मुरगळायची भीती कमी होते. गुडघ्यासाठी खरं नाही. अमेरिकेतल्या डॉ. केसी केरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये आणि पुन्हा 2001 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं की उंच टाचेनं चालताना गुडघ्यावरचा ताण वाढतो, आणि टाच रुंद असली तरी वाढतो. उंची ती उंचीच.

बूट घ्यायला संध्याकाळी, ड्यूटी संपल्यावर जा. दिवसभर उभं राहून पाय फुगलेले असतात, तेच खरं माप. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. तुझं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, कागदावर दिसतंय, तेव्हा माप त्याचं धर. आणि पाठवलास तसाच कागद कापून दुकानात घेऊन जा. बुटाच्या तळाखाली कागद ठेवायचा. कागद कडेनं बाहेर दिसला तर तो बूट कितीही देखणा असो, खाली ठेव.

एवढं शरीराचं झालं. आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते.

‘काउंटरपलीकडचा माणूस माझ्या डोळ्यांत बघून बोलतो’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. ती गोष्ट खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण तुला हवी आहे ती उंची. टाच हा ती मिळवण्याचा एक मार्ग, आणि सर्वांत महाग. आपल्या पेठांमधले जुने दुकानदार ओट्यावर गादी घालून बसायचे, गिऱ्हाईक खाली रस्त्यावर उभं. शाळेत बाईंच्या टेबलाखाली लाकडी चौथरा असायचा. तुमच्या काउंटरमागे तीन इंच उंचीची, लांब, न घसरणारी लाकडी फळी आणि तिच्यावर रबरी मॅट टाकली तर नऊच्या नऊ तास तू साध्या बुटात हिल्सएवढी उंच राहशील. खर्च हॉटेलच्या एका मेजवानीच्या फुलांएवढासुद्धा नाही. हे मी तुला तोंडी मागायला सांगत नाही, लेखी माग.

मी हे का एवढं तळमळून सांगते त्याला कारण आहे. कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत एका प्रदर्शनात स्टॉलवर उभं राहायचं काम मी दहा दिवस केलं होतं. बूट आयोजकांनी दिले होते, सगळ्या मुलींना सारखे, लाल, तीन इंची. माझ्या मापाचे संपले होते, म्हणून एक नंबर लहान मिळाले. बदलून मागितले तर ‘दहा दिवसांचा प्रश्न आहे’ असं उत्तर आलं. सातव्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी पडली आणि महिन्याभरात गळून गेली. उजव्याचं नवं नख आलं ते जाड आणि वेडंवाकडं, आजही तसंच आहे. दुखण्यापेक्षा मला लागलं ते हे, की पाय माझे होते आणि त्यांच्याबद्दल बोलायची सोय मला नव्हती. पुढे फिजिओथेरपीला प्रवेश घेतला तेव्हा मनात ते लाल बूट होते.

म्हणून माझं उत्तर असं. स्वतःच्या हौसेनं, मैत्रिणीच्या लग्नात, नाटकाला, वाढदिवसाला, दोन-तीन तास हिल्स घाल. खुशाल घाल, आरशात बघ, आनंद घे. दुसऱ्या दिवशी पाय थोडा कुरकुरेल आणि विसरेल. तेवढ्याची किंमत शरीर देऊ शकतं आणि ती द्यावीशी वाटणं यात काही वावगं नाही. पण दुसऱ्याच्या हुकमानं, नऊ तास, आठवड्याचे सहा दिवस? नाही. अजिबात नाही. तिथे दिसण्याचा फायदा हॉटेलला होतो आणि बिल तुझ्या पोटरीच्या नावावर फाटतं.

आणि हा नियम काही सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेला नाही. टाचेचे जोडे इराणी घोडेस्वारांचे. रिकिबीत पाय घट्ट अडकावा, उभं राहून बाण सोडता यावा म्हणून. तिथून सतराव्या शतकात ते युरोपातल्या सरदारांच्या पायात गेले. फ्रान्सचा चौदावा लुई लाल टाचा मिरवायचा. आपण घोड्याला ‘टाच मारणे’ म्हणतो ना, टाच तेव्हा पुरुषांच्या कामाची होती. गरज संपल्यावर पुरुषांनी ती सोडली आणि त्यांना कुणी विचारलं नाही की मग काउंटरवर उभं कसं राहणार.

सक्ती मोडून काढलेल्या बायका आहेत. लंडनमध्ये डिसेंबर 2015 मध्ये निकोला थॉर्प या तरुणीला रिसेप्शनच्या कामाच्या पहिल्याच दिवशी सपाट बूट घातले म्हणून घरी पाठवलं. तिच्या अर्जावर दीड लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि मार्च 2017 मध्ये ब्रिटिश संसदेत त्यावर चर्चा झाली. सरकारनं नवा कायदा केला नाही, याचा मला अजूनही राग आहे, पण विषय संसदेपर्यंत गेला. त्याच वर्षी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं आणि फिलिपिन्सनं नोकरीतली उंच टाचांची सक्ती बंद केली. जपानमध्ये 2019 मध्ये युमी इशिकावा यांनी ‘कुटू’ मोहीम उभी केली. जपानीत कुत्सु म्हणजे बूट आणि कुत्सू म्हणजे वेदना, त्यावरून ते नाव. पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सनं आपल्या महिला कर्मचाऱ्यांवरची हिल्सची अट काढली.

फार लांब जायला नको. कोळिकोडच्या मिठाई रस्त्यावरच्या कपड्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसायला बंदी असायची. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं. त्या वर्षानुवर्षं भांडल्या आणि 2018 मध्ये केरळनं दुकान कायद्यात दुरुस्ती करून कामावर बसण्याचा हक्क दिला. 2021 मध्ये तमिळनाडूनं तेच केलं. कारखान्यांतल्या उभ्यानं काम करणाऱ्या कामगारांसाठी बसायची सोय ठेवा असं 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 44 व्या कलमानं सांगितलं होतं. यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्याचा पाय दुखतो हे 1948 मध्ये कळलं होतं, काउंटरपाशी उभीचा दुखतो हे कळायला किती वर्षं घ्यायची?

तू एकटीनं अर्ज देऊ नकोस. तुमच्या तिन्ही शिफ्टच्या मुली मिळून द्या. त्यात ‘हिल्स नकोत’ असं लिहू नका, काय हवं ते लिहा : काळा, बंद, पुढून गोल, एक इंचापर्यंत टाच असलेला बूट चालावा, काउंटरमागे फळी आणि मॅट असावी, दोन उंच स्टुलं असावीत. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. पाहुण्यांना काउंटरच्या वरचं दिसतं, खालचं नाही, हेही एका ओळीत लिहायला हरकत नाही. उत्तर काय येतं ते मला कळव, मी वाट बघते आहे.

प्रश्न : मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. जावई सहा फुटी, मुलगी 5 फूट 1 इंच. फोटोत बरं दिसावं म्हणून तिनं चार इंची पेन्सिल हिल आणली आहे. सपाटशिवाय कधी काही घातलेलं नाही. कार्यालयाला लॉन आहे, रिसेप्शन तिथेच. मला धास्ती वाटते. तिला कसं समजवावं?
– एक आई, नाशिक

उत्तर : समजवू नका, लॉनवर चालवून बघा. पेन्सिल हिल ओल्या गवतात खिळ्यासारखी रुतते आणि पाय तिथेच मुरगळतो. डिसेंबरात संध्याकाळी दव पडतंच. दुकानात परत करता येत असेल तर त्या बदल्यात पुढूनही उंच असलेली, सलग तळाची वेज घ्या, घोट्याशी पट्टा असलेली. टाचेखाली चार इंच आणि चवड्याखाली दीड असेल तर पायाला जाणवतात अडीचच.

मुहूर्ताच्या वेळी ती पाटावर अनवाणीच असणार, अंतरपाटाआडची उंची कुणी मोजत नाही. सप्तपदीही अनवाणीच. म्हणजे प्रश्न फक्त रिसेप्शनच्या तीन तासांचा. पण साडीचा घोळ लक्षात ठेवा. पाचवारी साडी हिल्सवर नेसवली की हिल्स काढताच निऱ्या चार इंच जमिनीवर लोळतात आणि नवरी त्यांत अडखळते. त्यामुळे जी साडी ज्या चपलेवर, ती शेवटपर्यंत त्याच चपलेवर. विधींना नऊवारी असेल तर ही अडचण येत नाही, काठ घोट्याशीच राहतो.

आजपासून रोज संध्याकाळी घरात वीस मिनिटं ती घालून चालू दे. जिना उतरायचा सराव नक्की करून घ्या, स्टेजवरून उतरतानाच बहुतेक जणी पडतात. चप्पल जिथे चावते तिथे आधीच कागदी चिकटपट्टी लावायची, फोड आल्यावर नाही. आणि स्टेजच्या मागे, करवलीच्या हातात, तिची रोजची सपाट चप्पल हवी. गर्दी ओसरली की सोफ्यावर बसून बदलता येईल. लेकीच्या लग्नात तिचा घोटा शाबूत राहो आणि ती मनसोक्त नाचो, एवढीच माझी इच्छा आहे.

प्रश्न : मी 56 वर्षांची शिक्षिका. अंगठ्याच्या बुडाशी हाड बाहेर आलं आहे, अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला आहे. कधीकधी दुखतं. आयुष्यात हिल्स घातल्या नाहीत. माझ्या आईचाही पाय असाच होता. ऑपरेशन करावं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आईचा पाय तसा होता, यातच बरंचसं उत्तर आलं. अंगठा असा कलण्यात अनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. निमुळते बूट आणि उंच टाचा ते वाढवतात, पण हिल्स न घालणाऱ्यांनाही ते होतं. त्यात तुमचा काही दोष नाही. बोटांमध्ये घालायच्या सिलिकॉनच्या पट्ट्यांनी घासणं कमी होतं, हाड सरळ होत नाही, जाहिरातीत काही म्हणोत. ऑपरेशन दुखण्यासाठी करायचं, दिसण्यासाठी नाही. त्यानंतर काही आठवडे खास बूट घालून जपून चालावं लागतं आणि सूज उतरायला महिने लागतात, तेव्हा केलंच तर मे महिन्याची सुट्टी धरून. ‘कधीकधी’ दुखतं म्हणता, तर आधी पुढून रुंद, मऊ कातड्याची चप्पल घेऊन तीन महिने बघा. अंगठा आवळणारी कोल्हापुरी सध्या नको. मधुमेह असेल तर मात्र थांबू नका, त्या उंचवट्यावर जखम झाली तर कळणारही नाही.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोन वर्षं वापरलेली जुनी चप्पल पिशवीत घालून न्या आणि त्यांना उलटी करून दाखवा. तळ कुठल्या बाजूनं झिजला आहे ते बघून तुम्ही चालता कशा, हे पुष्कळसं कळतं.